पावसाळाभर उभी राहिलेली लॉरा आणि उजवं मागचं चाक

गाडी २००९ ची स्कोडा लॉरा. १.९ लिटरचं डिझेल, पाच गिअर, एक लाख अठ्ठावीस हजार किलोमीटर. जुळणी शेंद्र्याच्या कारखान्यातली, म्हणजे जन्माने मराठवाड्याची. पण गेली सहा वर्षं तिचा मुक्काम रत्नागिरीजवळ आमच्या घरी, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. चालवतात अण्णा, माझे वडील. मी पुण्यात. गाडीच्या दुखण्यांवर औषध करायचं ते मी सुट्टीत गेल्यावर.

२०२४ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात अण्णांनी गाडी पडवीलगतच्या पत्र्याखाली लावली, ती गणपतीपर्यंत हलवली नाही. आमचं अंगण किंचित उताराचं आहे, म्हणून हँडब्रेक नेहमीप्रमाणे करकचून ओढलेला. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी ते इंजिन चालू करत, पंधरा मिनिटं तसंच ठेवत आणि बंद करत. इंजिनाची अशी काळजी घेणारे पुष्कळ लोक पाहिलेत. चाकं मात्र तीन महिने एक इंचही फिरली नव्हती.

गौरी-गणपतीचं विसर्जन १२ सप्टेंबरला झालं. १३ ला मी गाडी काढली, कोल्हापूरला जायचं म्हणून. पहिला गिअर टाकून क्लच सोडला तर गाडी जागची हलेना, आणि मग मागून ‘टक्’ असा आवाज येऊन सुटली. ब्रेकचे पॅड डिस्कला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या तबकडीला, गंजून चिकटले होते ते सुटले, एवढाच अर्थ मी काढला. कोकणात हे पावसाळ्यानंतर होतंच. पाच-सहा किलोमीटरमध्ये डिस्कवरचा गंज घासून जातो आणि आपण विसरतो.

हातखंबा ओलांडून पाली जवळ आली तोवर गाडी जड वाटायला लागली होती. चौथ्या गिअरमध्ये पाय उचलला की ज्या सहजतेने ती वाहत जायची, तशी जात नव्हती. काच खाली केली तर जळक्या रबरासारखा, थोडा उग्र वास. पालीत कडेला घेतली आणि चारही चाकांजवळ तळहात नेला, न टेकवता. तीन चाकं कोमट. उजवं मागचं चाक असं की हात आपोआप मागे आला. बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब अलॉय चाकावर शिंपडले, चर्रकन उडाले. (थेंबच शिंपडा. तापलेल्या डिस्कवर बाटली ओतलीत तर डिस्क वाकडी होऊ शकते.)

पुढे आंबा घाट होता. मी तासभर थांबलो, हँडब्रेक चार-पाच वेळा ओढून सोडला आणि चाळीसच्या वेगाने, मध्ये दोनदा थांबत, घरी परत आलो. हा निर्णय घेताना जीवावर आलं होतं, कारण कोल्हापूरला माणसं वाट बघत होती. पण ब्रेक ऑइल जुनं असताना एखादा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, इतका तापला तर आतलं ऑइल उकळतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. मग पॅडल थेट खाली. डॉट ४ या दर्जाचं कोरं ब्रेक ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि पाणी मुरल्यावर हीच हमी १५५ अंशांवर येते. रत्नागिरीच्या हवेत पाण्याला काय तोटा!

उघडण्याआधी

मागचा ब्रेक घरी उघडायचा तर पहिली अडचण हँडब्रेकचीच. या गाडीत हँडब्रेक मागच्या कॅलिपरमधूनच काम करतो, म्हणून पॅड काढायचे तर तो खाली सोडावा लागतो. म्हणजे मागचं चाक हवेत, हँडब्रेक सुटलेला, आणि अंगण उताराचं. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असल्यामुळे पहिला गिअर टाकला की पुढची चाकं धरली जातात, पण त्यावर विसंबलो नाही. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ओंडके लावले.

अण्णा जांभ्याचा चिरा घेऊन आले. “हा सरकव खाली. आपलं अख्खं घर उभं आहे यावर.”

घर उभं आहे हे खरं. पण भिंतीत चिऱ्यावर वजन सगळीकडून सारखं येतं. गाडीचा चार बोटं रुंद काठ एका जागी टेकला की तोच चिरा कोपऱ्यातून भुगा होऊन फुटतो, आणि फुटताना आधी सांगत नाही. चिरा परत गेला. मी पुण्याहून आणलेला लोखंडी स्टँड लावला, त्याखाली फळीचा तुकडा, नाहीतर पावसाने मऊ झालेल्या अंगणात स्टँडचे पाय रुततात. गाडीसोबत येणारा जॅक फक्त उचलण्यासाठी. त्याच्या भरवशावर कोणी गाडीखाली हात घालू नये. चाक काढल्यावर तेही आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवलं. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही.

चाक उचलल्यावर बोल्ट काढण्याआधी हाताने फिरवून पाहिलं. डावं एका ढकलीत सव्वा फेरी फिरलं. उजवं पाव फेरीत थांबलं, खरखरत.

आत काय दिसलं

सतरा नंबरचे पाच बोल्ट निघाले तरी चाक हबला गंजाने धरून बसलेलं. पाठमोरं बसून टाचेने दोन लाथा घातल्यावर सुटलं. ब्रेकची काळी धूळ फुंकून उडवायचा मोह सगळ्यांना होतो, कंप्रेसर असेल तर जास्तच. ती नाकात घेण्यासारखी वस्तू नाही. मास्क लावून ब्रेक क्लीनर फवारला आणि फडक्याने पुसली.

मागचा कॅलिपर दोन बोल्टवर असतो, डोकं तेरा नंबरचं. बोल्ट फिरवला की मागची गाइड पिन, जिच्यावर कॅलिपर सरकतो ती, सोबत फिरते, म्हणून पिनला पंधरा नंबरचा पाना लावून धरावं लागतं. इथे माझा अर्धा तास गेला. नेहमीचा पंधराचा पाना जाडीला जास्त, पिन आणि रबराच्या मधल्या फटीत शिरत नाही. शेवटी एक जुना पाना ग्राइंडरवर दोन्ही बाजूंनी घासून पातळ केला. हे काम करायला बसणाऱ्याने पातळ पाना आधीच जवळ ठेवावा, माझ्यासारखा सणाच्या दुसऱ्या दिवशी वाडीत ग्राइंडर शोधत फिरू नये.

कॅलिपर उचलून काथ्याच्या दोरीने वरच्या स्प्रिंगला बांधला. ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही, आतून पाइप फाटतो आणि बाहेरून कळत नाही.

पॅड काढून, मागची लोखंडी पट्टी सोडून नुसता मसाला मोजला. कोरा पॅड साधारण ११ मिमीचा, २ मिमीला बदलायचाच. उजवीकडे आतला पॅड २.५, बाहेरचा ४. डावं चाक नंतर उघडलं, तिथे आतला ६ आणि बाहेरचाही ६. पुढच्या ब्रेकला झिजेची सूचना देणारी तार आहे. मागे तशी काही नाही, म्हणून डॅशबोर्डवर दिवा लागलाच नव्हता.

हे चार आकडे म्हणजे या प्रकरणाचा सगळा पुरावा. एकाच चाकातले आतला आणि बाहेरचा पॅड कमी-जास्त झिजले असतील तर गाइड पिनवर संशय घ्यायचा. हा कॅलिपर एकाच पिस्टनचा. पिस्टन आतला पॅड दाबतो आणि त्याच्या उलट जोराने अख्खा कॅलिपर पिनांवरून सरकत बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन अडकली की आतला पॅड एकटाच घासत राहतो. पण एका बाजूचे दोन्ही पॅड दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त झिजले असतील तर गोष्ट पिनेच्या पलीकडची असते. पिस्टन, पाइप किंवा हँडब्रेकचा लिव्हर. माझ्या आकड्यांत दोन्ही फरक होते. आत-बाहेर दीड मिमीचा, डाव्या-उजव्यात साडेतीन आणि दोनचा. मोठा फरक कुठला हे आज कागदावर लगेच दिसतं. तेव्हा मी जमिनीवर बसून, हात काळे, दुपारचा एक वाजलेला, आणि खालची गाइड पिन ओढली तर ती येईना.

झालं. गुन्हेगार सापडला असं मी धरून चाललो.

पहिली दुरुस्ती

पिन पिळून पिळून काढली. तिच्यावर पिवळं, साधं मल्टिपर्पज ग्रीस होतं, घट्ट होऊन चामड्यासारखं झालेलं, आणि तिचं रबरी बूट फुगून सैल पडलेलं. आधी कुठल्यातरी गॅरेजमध्ये हे काम करताना हाताशी असलेलं ग्रीस लावलेलं दिसत होतं. ब्रेकमधली रबरं खनिज तेलाने फुगतात. तिथे सिलिकॉनचं किंवा ब्रेकच्या पिनांसाठी म्हणून येणारं ग्रीसच लागतं. अण्णांनी खोबरेल सुचवलं. कोकणात ते शंखापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला लागू पडतं, पण इथे नाही.

पॅड पुण्याहून मागवले होते. नाना पेठेतल्या दुकानदाराने गाडीचं नाव ऐकून घेतलंच नाही, म्हणाला, “साहेब, चासी नंबर पाठवा आणि जुन्या पॅडचा फोटो पाठवा. लॉरा लॉरा करून माल घेतला की परत येतो.” त्याचं बरोबर होतं. एकाच मॉडेलमध्ये मागच्या डिस्कचे दोन-तीन आकार आहेत आणि कॅलिपरच्या पिस्टनचेही दोन व्यास, ३८ आणि ४१ मिमी. पार्सल रात्रीच्या बसच्या डिकीतून सकाळी रत्नागिरीत आलं. डब्यात चार पॅड आणि कॅलिपरचे चार नवे बोल्ट, आट्यांवर निळसर लेप असलेले. हे बोल्ट एकदाच वापरायचे. जुने पुन्हा लावणारे बरेच भेटतात, मी लावत नाही.

आता पिस्टन. नवे पॅड जाड, म्हणून बाहेर आलेला पिस्टन परत आत घालावा लागतो. पुढच्या चाकात तो सी-क्लॅम्पने सरळ दाबला की जातो. मागे तसं केलं की कॅलिपर गेला. मागच्या पिस्टनच्या पोटात आट्यांचा एक दांडा असतो, हँडब्रेकचा. पॅड झिजतील तसा पिस्टन त्या आट्यांवर पुढे सरकून बसतो, म्हणूनच वर्षानुवर्षं हँडब्रेक तितक्याच टकटकींत लागतो. सरळ दाबलं तर ते जाऊ शकत नाही, आणि जोर वाढवला तर आतली रचना मोडते. या पिस्टनच्या तोंडावर दोन खाचा असतात. त्यात टूलचे दात बसवून, दाबत दाबत, घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. दाब आणि पीळ दोन्ही एकाच वेळी. नुसता फिरवला तर जागेवरच गोल फिरत राहतो.

टूल माझ्याकडे होतं, स्क्रू आणि पाठीमागे टेकायची पट्टी असलेलं. सांडशीच्या टोकांनी फिरवणारे पाहिलेत. टोक घसरलं की पिस्टनभोवतीचं रबर फाटतं आणि दुपारचं काम आठवड्यावर जातं. फिरवण्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीतलं थोडं ऑइल सिरिंजने काढलं, कारण पिस्टन आत जाताना तेवढंच ऑइल डबीत वर चढतं. सांडलं तर रंगाचा पोपडा उडतो.

डावा पिस्टन सहज आत गेला. मनगटाचा जोर पुरला. उजव्याला पाना लांब करावा लागला, मध्येच अडे, थोडा मागे घेऊन पुन्हा पुढे न्यावा लागे. आणि हँडब्रेकचा लिव्हर, कॅलिपरच्या पाठीवरचा, हाताने ओढून सोडला तर सावकाश परतत होता, आणि त्याच्या टेकणीपासून नखभर अलीकडे थांबत होता. मी त्यावर गंजावरचं तेल फवारलं, दहा-बारा वेळा हलवलं. मग तो जवळजवळ टेकणीला लागला. ‘जवळजवळ’ला मी ‘लागला’ मानलं.

बाकी सगळं रीतसर. पिना धुऊन नवं ग्रीस, पॅड बसतात त्या कडीवरच्या गंजाला ब्रश, पॅड आपल्या खाचेत बोटाने सरकतात याची खात्री. डिस्कवर किमान जाडी ८ मिमी कोरलेली होती, माझी ९.१ भरली, म्हणून डिस्क ठेवली. नवे बोल्ट ३५ न्यूटन-मीटरला आवळले, चाकाचे १२० ला. इंजिन चालू करण्याआधी पॅडल आठ-दहा वेळा दाबून कडक करून घेतलं. हे विसरून गाडी अंगणाबाहेर काढणाऱ्याला पहिल्या ब्रेकला पाय रिकामा जमिनीला लागतो, आणि समोर काय असेल ते त्याचं नशीब.

बारा किलोमीटरनंतर

संध्याकाळी सावकाश फेरी मारली. नवे पॅड बसावेत म्हणून साठवरून वीसपर्यंत हळूहळू दहा-एक ब्रेक, मध्ये थंड व्हायला वेळ देत. परत आल्यावर तळहात नेला. उजवं पुन्हा गरम. पालीइतकं नाही, पण डाव्यापेक्षा स्पष्ट जास्त.

“नवे आहेत, घासणारच,” अण्णा म्हणाले.

नवे तर डावेही होते. अण्णांनी कोविडात घेतलेली कपाळावर धरायची बंदूक आणली. तिने ‘हाय’ एवढंच दाखवलं आणि लाल दिवा लावला, चाकाला ताप असल्यासारखा. शेजारचा एकजण मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहे, त्याच्याकडे तापमान मोजायची खरी बंदूक होती. ती घेऊन दुसऱ्या दिवशी तेवढ्याच रस्त्यावर, शेवटचा एक किलोमीटर ब्रेक न लावता आलो आणि मोजलं. कॅलिपरच्या पाठीवर डावीकडे ५८, उजवीकडे ११६.

मोजताना चकचकीत डिस्कवर नेम धरू नका. चकाकत्या धातूवर ही बंदूक खरं तापमान असतं त्यापेक्षा कमी आकडा दाखवते. काळपट, खडबडीत जागा धरा, आणि दोन्ही चाकांवर तीच जागा. आपल्याला तुलनाच हवी असते.

दुपटीचा फरक. म्हणजे पिन हा साथीदार होता, मुख्य आरोपी सुटला होता. मसाल्याच्या आकड्यांनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं, उजव्या पिस्टनने सांगितलं होतं, लिव्हरने तर नखभर अंतर ठेवून दाखवलं होतं. अडकलेली पिन हातात आली आणि मी तपास बंद केला. एवढ्या वर्षांत मी इतरांच्या गाड्यांवर हीच चूक दाखवत आलो आहे, त्यामुळे हे लिहिताना मजा येत नाही.

दुसरी फेरी

या वेळी आधी चाचण्या, मग पाना. चाक वर उचललं, हाताने फिरवलं, जड. मग कॅलिपरचा ब्लीड निपल, म्हणजे हवा आणि ऑइल बाहेर काढायची तोटी, पाव फेरी सैल केला. पाइप आतून सुजून ऑइल अडवत असेल तर निपल उघडताच अडकलेला दाब निघून जातो आणि चाक मोकळं होतं. चार थेंब आले, चाक तसंच जड. पाइप निर्दोष, अडकण यांत्रिक आहे.

मग हँडब्रेकची केबल लिव्हरपासून सोडवली. केबल तिच्या नळीत गंजून ओढलेली राहिली असती तर आता लिव्हर मागे गेला असता. तो नखभर अलीकडेच थांबला. हाताने ढकलून टेकणीला लावला, आणि चाक एकदम मोकळं, सव्वा फेरी. तोच लिव्हर हाताने एकदा ओढला-सोडला की पुन्हा तेच.

म्हणजे दुखणं लिव्हरचा आस कॅलिपरच्या अंगात शिरतो तिथे. बाहेरून तेल फवारून तो आठवडाभर चालतो, सील खालून पाणी पुन्हा शिरतं. त्याची दुरुस्ती होते, सीलचा संच मिळतो, पण आतली स्प्रिंग दाबून काढायला वेगळं टूल लागतं आणि आस झिजलेला असेल तर सील नवी टाकूनही गळते. ब्रेकमध्ये मी हा प्रयोग घरी करत नाही. नवा कॅलिपर मागवला. पॅडच्या संचाच्या जवळपास तिप्पट पैसे. दुकानदाराने पुन्हा विचारलं, उजवा ना, नक्की? डावा-उजवा एकमेकांचे आरसे असतात. चुकीचा बसवला तर निपल वर न येता खाली येतो, आणि हवा वर चढते, त्यामुळे ती कधीच निघत नाही.

कॅलिपर बदलायचा म्हणजे ऑइलचा पाइप सोडायचा, आणि तो सोडला की वरची डबी रिकामी होत जाते. एबीएसच्या, म्हणजे जोराच्या ब्रेकला चाकं अडकू न देणारं युनिट असलेल्या गाडीत ती पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही, त्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला स्कॅनर लागतो. यावर जुनी युक्ती आहे. ब्रेकचं पॅडल थोडं दाबून काठीने तसंच धरून ठेवायचं, काठीचं दुसरं टोक सीटला. पॅडल दाबलेलं असताना डबीकडून खाली येणारी वाट बंद होते. फक्त ब्रेकचे लाल दिवे तेवढा वेळ जळत राहतात, म्हणून बॅटरीची एक तार काढली.

नवा कॅलिपर बसवून हवा काढायला दुसरा माणूस लागतो. अण्णांचा गुडघा दुखतो. आई आत बसली.

“आई, दाब. धरून ठेव. मी म्हणेपर्यंत सोडू नको हं.”

“धरलंय.”

निपल सैल, पारदर्शक नळीतून बुडबुडे, निपल बंद.

“सोड आता. हळू.”

पहिल्या पाच-सहा वेळा बुडबुडे, मग तांबूस-तपकिरी जुनं ऑइल, मग स्वच्छ पिवळसर. मध्ये दर पाच वेळांनी डबी भरत होतो. एकदा आईने शेजारणीला हाक द्यायला मान वळवली आणि पाय उचलला, निपल उघडा होता. नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं होतं म्हणून हवा न जाता ऑइलच परत ओढलं गेलं. तेवढं पुन्हा काढलं. उरलेल्या तीन चाकांचंही जुनं ऑइल बदलून टाकलं, कारण बाटली उघडीच होती आणि आईला आता हात, म्हणजे पाय, बसला होता.

क्रम एक सांभाळला. आधी हँडब्रेक न ओढता पॅडल जोर लावून पुष्कळदा दाबलं, म्हणजे पिस्टन पॅडजवळ येऊन आतलं अंतर बसतं. त्यानंतर केबल जोडून हँडब्रेक. उलट केलं तर आतल्या आट्या अर्धवट जागी बसतात आणि हँडब्रेक सैल लागतो. हँडब्रेक पूर्ण खाली असताना दोन्ही लिव्हर टेकणीला लागले आहेत हे टॉर्च धरून, बोटाने चाचपून पाहिलं. या वेळी ‘जवळजवळ’ नको होतं.

त्याच रस्त्यावर, तसाच शेवटचा किलोमीटर मोकळा सोडून आलो. डावं ५७, उजवं ६०. दोन दिवसांनी कोल्हापूर करून आलो, आंबा घाट उतरल्यावर साखरप्याला चहाला थांबून पुन्हा मोजलं. दोन्ही मागची चाकं ऐंशीच्या घरात, एकमेकांपासून चार अंशांत.

घरी करावं का

लोक हा प्रश्न पैशांसाठी विचारतात, म्हणून आधी पैशांचं. नुसते पॅड बदलायचे तर घरी मजुरी वाचते, पण टूल, टॉर्क रेंच (बोल्ट मोजून आवळायचा पाना), स्टँड हे पहिल्यांदा घेताना ती बचत संपते. कॅलिपर आणि ऑइलपर्यंत गेल्यावर मी स्वतःहून नवख्याला बसवणार नाही. पिस्टन फिरवायचं टूल नसेल, किंवा काम झाल्यावर पॅडल नरम लागत असेल, तर गाडी जागेवरून हलवू नये, मिस्त्रीला घरी बोलवावं. ब्रेक नीट आहेत का हे ‘चालवून बघू’ म्हणून तपासायचं नसतं.

उघडून नुसतं मोजणं मात्र कोणालाही जमतं, आणि ते वर्षातून एकदा करावंच, समुद्राकाठी तर पावसाळ्यानंतर लगेच. गॅरेजवाला पॅड बदलून देतो तेव्हा जुने चारही परत मागून घ्या आणि कुठला कुठल्या जागेचा ते त्याच्याकडून पेनाने लिहून घ्या. सगळे सारखे झिजले असतील तर काम संपलं. नसतील तर नवे पॅड त्याच वाटेने जाणार.

जुना कॅलिपर मी पुण्याला आणला आणि एका रविवारी करवतीने कापला. पिस्टन आणि त्याचं भोक चकचकीत, ऑइलच्या बाजूला गंजाचा ठिपका नाही. लिव्हरच्या आसाभोवती मात्र, जिथे लोखंडी आस ॲल्युमिनियमच्या अंगात फिरतो, पांढरट, चुनखडीसारखं खरखरीत कडं जमलेलं, आणि त्यात गंजाची तांबडी रेघ. जाडी कागदाइतकी. तेवढ्याने लिव्हर नखभर अलीकडे थांबत होता.

यंदाच्या जूनमध्ये अण्णांनी गाडी पत्र्याखाली घेतली तेव्हा पहिला गिअर टाकला, पुढे-मागे ओंडके लावले आणि हँडब्रेक खालीच ठेवला. मला फोटो पाठवला. रविवारी इंजिन चालू करून ती अंगणात चार हात पुढे आणि चार हात मागे नेतात. ओंडके काढायचे आणि लावायचे काम आईचं.